निळं फळ दाखवा

मागच्या मे महिन्यात एका बारशाला गेलो होतो. हॉलच्या दारातच वेलकम ड्रिंकचं टेबल. पारदर्शक ग्लासांची रांग, प्रत्येक ग्लासात निळंशार पाणी आणि काठावर लिंबाची चकती. आत्याने एक ग्लास उचलला, नाकाजवळ नेला आणि टेबलामागच्या मुलाला विचारलं, "बाळा, हे कशाचं आहे रे?"

"ब्लू लगून आहे, आजी."

"ते नाव झालं. पण कशाचं आहे? फळ कुठलं?"

मुलगा गोंधळला. शेजारच्या बाटलीकडे बघून म्हणाला, "फ्लेवर आहे."

आत्याने एक घोट घेतला, ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि साधं पाणी मागितलं. जेवणं उरकेपर्यंत त्या कट्ट्यावर असे अकरा ग्लास जमले होते. जवळजवळ सगळे भरलेले.

आत्याचा प्रश्न हाच या आठवड्याचा विषय. कशाचं आहे?

तो निळा रंग मुळात फळाचा नाहीच. ब्लू लगूनमधलं निळं सिरप 'ब्लू कुरासाव' या नावाने मिळतं, आणि कॅरिबियन समुद्रात कुरासाव नावाचं बेट आहे. स्पॅनिश लोकांनी तिथे संत्र्याची झाडं लावली. तिथल्या कोरड्या हवेत फळं इतकी कडू निघाली की तोंडात धरवेनात, पण सालीला वास होता. ती साल वाळवून तिथे एक मद्य बनू लागलं. ते मद्यसुद्धा मूळचं निळं नाही. निळा रंग वरून घालतात. आपल्या हॉलपर्यंत त्या बेटाचं फक्त नाव पोचतं. सिरपातून मद्य वगळलेलं असतं हे योग्यच, पण बहुतेक वेळा त्याबरोबर सालही गेलेली असते. उरतात साखर, वास आणि रंग. जांभूळ पिळा, जांभळा रस निघतो. ब्लूबेरी पिळा, तोही जांभळाच. रुद्राक्षाचं फळ बाहेरून खरंच निळं असतं, पण ते कुणी पाहुण्याला पिळून देत नाही. पाहुण्याला देता येईल असं निळ्या रसाचं एक फळ दाखवा. मला तरी सापडलेलं नाही.

दुसरी गोष्ट नावाची. मॉक म्हणजे नक्कल. मद्याच्या पेल्याची नक्कल म्हणून या पेयांना मॉकटेल म्हणतात. माझं भांडण तिथूनच सुरू होतं. मद्य न घेणारा माणूस नक्कल प्यायला आलेला नसतो. आजी, शाळकरी मुलं, दिवस गेलेली वहिनी, गोळ्या चालू असलेले काका, रात्री गाडी चालवत घरी जाणारा दादा आणि मुळात ज्यांना मद्य नकोच आहे ते सगळे, यांची मोजदाद करा. आपल्या घरच्या बहुतेक कार्यक्रमांत याच मंडळींची संख्या जास्त भरते. त्यांच्या हातात द्यायचं पेय ही कोपऱ्यातली सोय नव्हे. कार्यक्रमाचा मुख्य ग्लास तोच आहे, आणि तो त्याच मानाने भरला गेला पाहिजे.

घरी वीस माणसं जेवायला येणार असली की आपण काय करतो ते आठवा. श्रीखंडासाठी दही आदल्या रात्री टांगतो. अळूची पानं मंडईत एकेक बघून घेतो. वाटण त्याच दिवशी ताजं करतो. आणि पेयाचं काय? "येताना दोन मोठ्या बाटल्या घेऊन ये." वीस माणसांच्या पेयाची तयारी या एका वाक्यात संपते. जेवणाला दोन दिवस, पेयाला एक फोन. हा हिशेब मला मान्य नाही. उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी गूळ-पाणी ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. आधी तुझी तहान, मग बाकीचं, असं ती रीत सांगते. पाहुण्याच्या हातात पडणारी पहिली वस्तू ग्लासच असते. तोच आपण सगळ्यांत निष्काळजीपणे भरतो.

आता बाटलीकडे वळू. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे 'फ्रूट ड्रिंक' म्हणून विकायला फळाचा रस किमान 10 टक्के असला की पुरतो. लिंबाच्या पेयाला 5 टक्के. क्रशमध्ये फळ किमान 25 टक्के लागतं. पंचवीस हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण क्रश कुणी तसाच पीत नाही. एक भाग क्रशमध्ये चार भाग पाणी घातलं की ग्लासात फळ उरलं 5 टक्के. त्याच क्रशमध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान 55 टक्के असावे लागतात आणि त्यातला मोठा वाटा साखरेचा. 200 मिलीच्या ग्लासात 40 मिली क्रश गेला, तर साखर 25 ग्रॅमच्या आसपास भरते. साखर, मध, रस या मार्गांनी पोटात जाणारी साखर मोठ्या माणसाने दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर जास्त चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दारातल्या एका ग्लासात दिवसभराची साखर झाली आणि जेवणातलं गोड अजून यायचं आहे.

हे सगळं बाटलीवर छापलेलं असतं. बारीक अक्षरात असतं, पण असतं. जून 2024 मध्ये देशाच्या अन्न नियामकाने उत्पादकांना एक आदेश दिला: आटवलेल्या रसात पाणी घालून बनवलेल्या पेयांवरून '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाका. नियामकाने त्याचं काम केलं. बाटली फिरवून मागची बाजू वाचायचं काम यजमानाचं आहे.

म्हणून सांगतो, घरी करा. अवघड काही नाही. गेल्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला वीस माणसांसाठी केलं, तेच जसंच्या तसं देतो. अननस, आलं आणि कोकम.

चार अननस घेतले, प्रत्येकी साधारण दीड किलोचे. अननस रंगावर घेऊ नका, बुडाशी नाक लावा. गोड वास आला तर पिकलेला, आंबूस आला तर उतरलेला, काहीच वास नाही तर कच्चा. आंबा घरी आणून अढीत पिकवता येतो. अननस झाडावरून तोडला की त्याची गोडी तिथेच थांबते, त्यामुळे कच्चा आणून वाट बघण्यात अर्थ नसतो. साल उभी उतरवली की डोळे दिसतात, आणि ते तिरक्या रांगेत असतात. एकेक डोळा खणत बसलात तर गर वाया जातो. त्या रांगेच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी चालवली की अख्खी रांग दोरीसारखी सुटते. साल, डोळे आणि मधला दांडा गेल्यावर निम्मं वजन हातात राहतं. पाणी न घालता मिक्सरमधून काढून गाळलं की एका अननसाचा साधारण अर्धा लिटर रस होतो. तीन अननसांचा रस काढला, चौथ्याचे तुकडे करून ग्लासात घातले.

बर्फ आदल्या रात्रीचा, आणि तो साध्या पाण्याचा लावला नाही. तीस आमसुलं एक लिटर कोमट पाण्यात दोन तास भिजवली, हाताने कुस्करली, गाळली, चार चमचे साखर घातली आणि ते पाणी ट्रेमध्ये ओतून गोठवलं. साध्या बर्फाचं दुखणं असं की तो वितळतो तसं पेय पाणचट होत जातं. पाहुणा गप्पा मारत उभा राहिला की दहाव्या मिनिटाला त्याच्या हातात पाणी असतं. कोकमाचा बर्फ वितळला तर पेयात कोकम उतरतं. पिवळ्या रसात खालून लाल रेघा सुटायला लागतात, मग तळाशी गुलाबी होतं, आणि शेवटचा घोट डाळिंबी रंगाचा आणि सगळ्यांत आंबट. रंग हवाच असेल तर तो असा, फळातून आलेला हवा.

60 ग्रॅम आलं किसून फडक्यातून पिळलं. सहा लिंबं. अर्धा कप साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून केलेला पाक. सगळं रसात घातलं, चव घेतली. आंबट लागलं. पाकाच्या भांड्याकडे हात गेला तेवढ्यात आई मागून म्हणाली, "साखर थांब. मीठ घातलंस का?" नव्हतं घातलं. दोन चिमटी मीठ आणि एक चिमूट पादेलोण गेलं, आणि तोच रस गोड लागायला लागला. मीठ जिभेवरचा कडवटपणा दाबतं आणि गोडी वर आणतं. पन्हं करणाऱ्या प्रत्येक घरात हे माहीत असतं. मॉकटेल करताना मात्र आपण फक्त साखरेचा विचार करतो. साखर वाढवायच्या आधी मीठ घालून बघा. निम्म्या वेळा साखर लागतच नाही.

वाढताना ग्लासात कोकमाचे दोन खडे, 80 मिली रस, अननसाचे चार तुकडे, वरून तितकाच थंड सोडा. सोडा सगळ्यांत शेवटी, ग्लास तिरका धरून कडेने सोडायचा आणि ढवळायचं नाही. सोडा थंडगार असला तरच त्याचा वायू टिकतो, कोमट बाटलीचा ओतताच फसफसून जातो. सोडा नको असेल त्याला माठाचं पाणी. एका ग्लासात साखर, फळाची आणि पाकाची धरून, 15 ग्रॅमच्या आसपास. शून्य नव्हे, हे मी लपवत नाही. रस म्हणजेही साखरच. म्हणून ग्लास लहान ठेवा, तुकडे जास्त घाला, आणि मधुमेह असलेल्या माणसासाठी बिनसाखरेचं कोकम-आलं-जिऱ्याचं पाणी वेगळ्या भांड्यात तयार ठेवा. त्याला मागावं लागू नये. मागायला लागलं की तो साधं पाणीच मागतो.

अननसाबाबत एक धोक्याची सूचना. त्यात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं. जास्त अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ती त्यामुळे. ताज्या अननसाच्या रसात दूध, साय किंवा आइस्क्रीम घालून ठेवलं तर थोड्या वेळात कडू होतं, तेही त्यामुळेच. पार्टीसाठी सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवलेला अननसाचा मिल्कशेक संध्याकाळी ओतून द्यावा लागतो आणि दोष बिचाऱ्या दुधाला जातो.

अननसाला दाट, मलईदार साथ हवी असेल तर नारळ आहे. पिन्या कोलाडा हे नाव सगळ्यांच्या मेन्यूकार्डावर असतं. पोर्तो रिकोने 1978 मध्ये ते आपलं राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर केलं. या स्पॅनिश नावाचा अर्थ फक्त 'गाळलेला अननस' इतकाच आहे. फळ आणि गाळणी, दोन्ही नावातच आहेत. त्यातली रम वगळली तर उरतात अननस आणि नारळ. ज्या कोकणात आणि गोव्यात रोजच्या सोलकढीला नारळाचं दूध काढतात, तिथल्या माणसाने या पेयासाठी डबा का उघडावा? एक नारळ खवा, कोमट पाणी घालून वाटा, पिळा. पहिलं घट्ट दूध घ्या आणि आयत्या वेळी अननसाच्या रसात मिसळा. आधीपासून मिसळून ठेवलं तर दोन्ही वेगळं होऊन वर थर येतो.

ही फळं परकी, हे पेय परकं, असंही कुणी म्हणू नये. अननस आणि काजू ही मूळची दक्षिण अमेरिकेतली फळं. पोर्तुगीजांबरोबर ती आली आणि तिथल्या लोकांच्या भाषेतली नावंही सोबत घेऊन आली. पेरूही तसाच बाहेरून आला. काही शतकांत ती आपल्या परसात अशी रुजली की त्यांना पाहुणं म्हणणं आता चुकीचं ठरेल. कोकम इथलंच; सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. उष्ण प्रदेशातल्या फळांचं पेय कसं करायचं हे आपल्याला चित्रातल्या नारळाच्या झाडाकडे बघून शिकायची गरज नाही. आपण त्याच प्रदेशात राहतो.

फक्त हंगाम पाळा. चैत्र-वैशाखात कैरी: उकडून गर काढा, गूळ, मीठ, वेलदोडा, थोडा कुटलेला पुदिना, वर सोडा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं पन्हं हेच, सोडा आणि पुदिना तेवढे नवे. मेमध्ये रतांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं. जूनमध्ये जांभूळ: गर बियांपासून सोडवा, पादेलोण आणि लिंबू घाला, साखर बेताची. थंडीत गुलाबी गराचा पेरू: मिक्सरमध्ये थोड्या पाण्यासह फिरवून गाळा, लिंबू, पादेलोण, आणि ग्लासाच्या काठाला लाल तिखट-मीठ. पेरूचा रस दाट होतो, त्यात पाणी घालायला घाबरू नका. हंगामातलं फळ स्वस्त असतं, गोड असतं आणि त्याला साखर कमी लागते. हंगाम नसताना तेच फळ मागितलं की आपण पुन्हा बाटलीपाशी पोचतो.

हंगामावरून आठवलं. काजूच्या दिवसांत सिंधुदुर्गात बागेतून चाला. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडांचा सडा पडलेला असतो. बी काढून घेतलेली, बोंडू टाकून दिलेला. गोव्यात याच बोंडवांचा ताजा रस नीरो म्हणून लोक आवडीने पितात. तो त्याच दिवशी प्यावा लागतो, ठेवला की आंबायला लागतो. घशाला धरतो तो त्यातल्या तुरट द्रव्यांमुळे. रसात भाताची पेज घालून निवळू दिली की तुरटपणा बराच खाली बसतो. इतकं रसाळ फळ पायाखाली कुजतं आणि त्याच गावातल्या लग्नात निळं सरबत फिरतं. याची मला मनापासून चीड येते. गावातल्या एका तरी कार्यात पहिला ग्लास बोंडवाच्या रसाचा निघाला पाहिजे.

बर्फाबद्दल एक वाक्य जास्तीचं. माणसं पन्नासच्या वर गेली की बर्फ विकत आणावा लागतो, तेव्हा तो खाण्याचाच आहे ना हे विचारून घ्या. 2018 मध्ये महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं झालं, दोन्हींत गल्लत होऊ नये म्हणून. बर्फाच्या दुकानात निळा रंग 'हे तोंडात घालू नका' असं सांगतो. तीच खूण मी आता ग्लासालाही लावतो.

आणि यजमानाने लक्षात ठेवावं असं आणखी एक. ताटात शोभेसाठी कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, चांदणीसारखं कापून लावतात. दिसतं सुंदर, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं. ग्रेपफ्रूट आणि पपनस काही औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या त्यात येतात. ही फळं वापरणार असाल तर आधी सांगा. फळ काय आहे हे सांगितलं तरच माणसाला नको म्हणता येतं. 'फ्लेवर आहे' या उत्तरावर कुणाला काय ठरवता येणार?

भाचीच्या वाढदिवसाला आत्याही आली होती. ग्लास हातात घेतला, नाकाजवळ नेला, आणि तिचा तोच प्रश्न आला. मी स्वयंपाकघरात होतो. उत्तर सात वर्षांच्या भाचीनेच दिलं: "अननस, आलं आणि कोकम. कोकम बर्फात आहे, थांब जरा, लाल होईल." आत्या खुर्ची ओढून बसली आणि लाल व्हायची वाट बघत राहिली. त्या दिवशी खिडकीत एकही भरलेला ग्लास नव्हता. खर्च म्हणाल तर चार अननस, मूठभर आमसुलं, सहा लिंबं. वेळ म्हणाल तर आदल्या रात्रीची पंधरा मिनिटं आणि सकाळचा एक तास.

तुमच्या घरी पुढच्या वेळी माणसं जमतील तेव्हा मेन्यू लिहायला बसाल. पहिल्या ओळीवर भाजी लिहू नका, पेय लिहा, आणि त्यापुढे फळाचं नाव लिहा. ते नाव लिहिता आलं नाही, तर ते पेय पाहुण्याच्या हातात देऊ नका. साधं थंड पाणी द्या. ते कशाचं आहे हे निदान कुणाला विचारावं लागत नाही.